खालच्या आवाजातलं कॉलेज आणि तिथले ऑनर्सवाले

आपल्या मंडळींत 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारले जातात. "काय करते गं ती हल्ली?" "काही नाही, इथल्याच कम्युनिटी कॉलेजात दोन क्लास घेतेय. घरी बसून कंटाळा येतो ना..." अमेरिकेतल्या कुठल्याही गणपतीच्या जेवणाला हा संवाद एकदा तरी कानावर पडतोच. भारतातून शिकायला आलेला माणूस एमएस करतो, युनिव्हर्सिटीत जातो, तिचं नाव मोठ्याने सांगतो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे टाइमपास, नाहीतर ज्यांना कुठे मिळालं नाही त्यांची सोय. मग अशा कॉलेजात 'ऑनर्स प्रोग्रॅम' असतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं. गल्ली क्रिकेटमधला मॅन ऑफ द मॅच!

मला हे हसणं पटत नाही. पण या प्रोग्रॅमवाल्यांची आपलं कौतुक मांडायची जी पद्धत आहे, तीही पटत नाही. आजचा विषय या दोन न पटण्यांचा.

आधी थोडी माहिती. (ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जायला हरकत नाही.) अमेरिकेत अशी साधारण हजारभर कॉलेजं आहेत. त्यातलं अजून चालू असलेलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज म्हणजे इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज, स्थापना १९०१. तेव्हा त्यांना ज्युनियर कॉलेजच म्हणत. आपल्या अकरावी-बारावीशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रेसिडेंट ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये उच्च शिक्षण लोकांच्या दाराशी न्यायची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं. मामला सरळ आहे. दोन वर्षं शिका, असोसिएट डिग्री घ्या, आणि हवं असेल तर चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत एकदम तिसऱ्या वर्षाला जा. याला म्हणतात ट्रान्सफर. प्रवेशाला अट अशी जवळपास नाहीच. जो येईल तो आत.

आणि फी? कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. तिथल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे वर्षाचे ३० युनिट घेतले तर १३८० डॉलर. बे एरियात एका बेडरूमच्या घराचं महिन्याचं भाडं याहून जास्त असतं! त्यामुळे वर्गात सगळ्या प्रकारची माणसं. दिवसभर दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी, सैन्यातून परत आलेला तिशीचा माणूस, दोन मुलांची आई, नुकतंच स्थलांतर करून आलेलं कुटुंब, एच-४ व्हिसावर आलेली आपल्या पुण्या-ठाण्याची इंजिनियर मुलगी, आणि पैसे वाचवायला दोन वर्षं इथे काढणारी खात्यापित्या घरची पोरंही. साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी पार्ट टाइम शिकतात. म्हणजे शिक्षण हे त्यांच्या दिवसातलं तिसरं किंवा चौथं काम असतं.

इथे हुशारी नसते असं वाटणाऱ्यांसाठी दोनच नावं. जीनोमवाले क्रेग व्हेंटर व्हिएतनाममधून परत आले आणि कॉलेज ऑफ सॅन मटेओ या कम्युनिटी कॉलेजात शिकायला बसले. स्पेस शटलची पहिली महिला कमांडर (१९९९) आयलीन कॉलिन्स यांची पहिली पदवी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजची, १९७६ सालची. तेव्हा मालाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो गळतीचा.

गळती किती? इथे येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक सांगतात की आम्हाला पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. प्रत्यक्षात ट्रान्सफर होतात साधारण एक तृतीयांश. आणि सुरुवात केल्यापासून सहा वर्षांत ती पदवी हातात पडते सुमारे १६ टक्क्यांच्या. शंभरातल्या ऐंशींनी स्वप्न पाहिलं, सोळांचं पुरं झालं. आपल्या कंपनीत एखाद्या सिस्टीमचे असे आकडे आले असते तर शुक्रवारी रात्री सगळ्यांना फोन गेले असते.

हे कसं होतं यावर बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्याने शब्द वापरला 'कूलिंग आउट'. हा शब्द मूळचा भामट्यांचा. त्यांच्या टोळीत एक माणूस असा असे, की ज्याचं काम बकरा कापून झाल्यावर त्याच्याजवळ बसून त्याला थंड करायचं, म्हणजे तो आरडाओरडा न करता घरी जाईल. अर्व्हिंग गॉफमनने १९५२ मध्ये ही कल्पना समाजशास्त्रात आणली आणि क्लार्कने ती ज्युनियर कॉलेजला लावली. त्याचं म्हणणं असं, की कॉलेज कुणालाच दारातून परत पाठवत नाही. पण आत आल्यावर आधी चाचणी, मग समुपदेशकाबरोबर बैठक, मग 'तुम्हाला हे झेपेल का बघा', मग प्रोबेशन, असं करत करत विद्यार्थी स्वतःच म्हणू लागतो की माझी कुवत एवढीच. तो ओरडत नाही. गपचूप छोटा कोर्स घेतो किंवा यायचा बंद होतो. भांडायला समोर कुणी नसतंच.

माझ्या मते कम्युनिटी कॉलेजातल्या ऑनर्स प्रोग्रॅमकडे या पार्श्वभूमीवर बघायला हवं. थंड करणाऱ्या यंत्रणेच्या आतच कुणीतरी छोटी शेगडी पेटवून बसलंय, असं.

आता हे ऑनर्सवाले करतात तरी काय?

ऑनर्सची कल्पना तशी उच्चभ्रूच. १९२२ मध्ये स्वार्थमोर कॉलेजात अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी ती ऑक्सफर्डच्या धर्तीवर आणली. ते स्वतः ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला शिकून आलेले. छोटे गट, मूळ ग्रंथांचं वाचन, शिक्षकाशी समोरासमोर वाद. पुढे ही पद्धत मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांनी उचलली आणि तिथून ती कम्युनिटी कॉलेजात उतरली. आज बहुतेक ठिकाणी तिची दोन रूपं दिसतात. एक, ऑनर्सचे वेगळे छोटे वर्ग. दुसरं, 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट'. मला हे दुसरं फार आवडतं.

समजा स्टॅटिस्टिक्सचा नेहमीचा क्लास आहे. बाकीचे पुस्तकातली उदाहरणं सोडवतायत. एक मुलगी सेमिस्टरच्या सुरुवातीला प्रोफेसरकडे जाते आणि एका कागदावर दोघांच्या सह्या होतात. मी आपल्या कॉलेजच्या बसच्या वेळा आठ आठवडे टिपेन, आणि संध्याकाळच्या क्लासला मुलं उशिरा येतात त्याचा बसशी संबंध आहे का ते तपासेन. दर पंधरा दिवसांनी भेटायचं, आकडे दाखवायचे, बोलणी खायची, शेवटी पेपर लिहायचा. तिच्या ट्रान्सक्रिप्टवर त्याच क्लासपुढे 'ऑनर्स' अशी नोंद पडते. यात वेगळी खोली लागत नाही, वेगळा वर्ग लागत नाही. लागतो तो एक शिक्षक, आणि त्याचा थोडा वेळ.

मग हा पेपर घेऊन बाहेर पडायचं. कॅलिफोर्नियात ऑनर्स ट्रान्सफर कौन्सिल नावाची संस्था आहे. तिची विद्यार्थी संशोधन परिषद वर्षानुवर्षं यूसी अर्व्हाइनमध्ये भरत आलीय. उत्तरेकडे बे ऑनर्स रिसर्च सिम्पोझियम असतं, ते कधी बर्कलीत तर कधी स्टॅनफर्डमध्ये भरलंय. गोषवारा पाठवायचा, निवड झाली की व्यासपीठावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आणि अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. ज्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा युनिव्हर्सिटीचा कॅम्पस पाहिला, ती तो पाहते ती वक्ता म्हणून. हे मला फार मोठं वाटतं. तिथे टुरिस्ट म्हणून जाणं वेगळं आणि गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून जाणं वेगळं.

याशिवाय फाय थीटा कप्पा आहे. ही दोन वर्षांच्या कॉलेजांची ऑनर सोसायटी, १९१८ मध्ये मिसुरीत सुरू झालेली. साधारणपणे बारा क्रेडिट पुरे झालेले असावेत आणि जीपीए ३.५ च्या आसपास असावा, मग निमंत्रण येतं. इथे एक घोळ नेहमी होतो. ही सोसायटी म्हणजे ऑनर्स प्रोग्रॅम नव्हे. प्रोग्रॅममध्ये अभ्यास करावा लागतो, सोसायटीत मार्कांवर बोलावणं येतं आणि फी भरून सभासद होता येतं. पण जे नुसतं सभासद होऊन थांबत नाहीत, ते तिथेही बरंच काही करतात. गट करून एखादा विषय घ्यायचा, त्यावर वाचायचं आणि मग त्यातून आपल्या कॉलेजात किंवा गावात काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवायचं, असा त्यांचा 'ऑनर्स इन ॲक्शन' नावाचा उपक्रम असतो. शिवाय अनेक युनिव्हर्सिट्या ट्रान्सफर होणाऱ्या सभासदांना खास स्कॉलरशिप देतात. ते साठ-सत्तर डॉलर बहुधा वाया जात नाहीत.

वादविवादवाल्यांसाठी 'फाय रो पाय' आहे, १९२८ पासून. गणितवाल्यांसाठी 'अमॅटिक' या दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या गणित शिक्षकांच्या संघटनेची स्टुडंट मॅथ लीग आहे. मॉडेल युनायटेड नेशन्सच्या स्पर्धांत ही पोरं चार वर्षांच्या युनिव्हर्सिट्यांच्या संघांसमोर बसतात. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर स्कॉलरशिप, वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत. देशभरातून मोजक्याच जणांना मिळते.

आता माझा पहिला मुद्दा. या सगळ्यातून मिळतं काय? कॉलेजं उत्तर देतात, प्रवेश. अमुक इतके यूसीएलएला गेले, तमुक बर्कलीला. प्रवेशाचा फायदा खराच आहे. यूसीएलएचा 'ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम' आहे, त्यात सहभागी कॉलेजचा ऑनर्स प्रोग्रॅम पुरा केलेल्यांच्या अर्जाचा प्राधान्याने विचार होतो. (कंप्युटर सायन्सवाल्यांनी फार खूश होऊ नये. हे प्राधान्य तिथल्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्सपुरतं आहे, आणि कंप्युटर सायन्स येतं इंजिनियरिंग स्कूलमध्ये. आपल्या लोकांचं हे हमखास निसटतं.)

पण मला वाटतं प्रवेश हा नंतरचा परिणाम आहे. मुख्य गोष्ट त्याआधीच घडून गेलेली असते. ती अशी की कॉलेजातल्या एका तरी शिक्षकाला तुमचं नाव माहीत असतं.

हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण कम्युनिटी कॉलेजातले बहुसंख्य शिक्षक स्वतःच पार्ट टाइम असतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. कॅलिफोर्नियात त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. विद्यार्थीही क्लास संपला की कामावर पळतो. दोघेही धावत असतात आणि दोघांची गाठ पडते ती फक्त आठवड्यातले तीन तास, चाळीस जणांच्या घोळक्यात. अशा ठिकाणी शिफारसपत्र कुणी लिहायचं? "तू पुढे जा, तुला जमेल" हे कुणी म्हणायचं? क्लार्कची थंड करणारी यंत्रणा चालते ती कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. तुम्हाला कुणी ओळखतच नसतं, म्हणून चालते. दर पंधरा दिवसांनी आकडे घेऊन प्रोफेसरसमोर बसणाऱ्या मुलीला गुपचूप नाहीसं होता येत नाही. ती आली नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं.

दुसरी गोष्ट सोबतीची. चार वर्षांच्या कॉलेजात होस्टेल असतं, कट्टा असतो. इथे असतं पार्किंग लॉट. ऑनर्सवाल्यांना निदान एक खोली मिळते, कॉफीचं मशीन मिळतं, आणि "तू अर्ज भरलास का? शेवटची तारीख कधी?" असं विचारणारी चार माणसं मिळतात. आपल्याला इंजिनियरिंगला असताना जीआरईची माहिती कुणी दिली होती? कॉलेजने? छे! सीनियर्सनी आणि रूमवरच्या पोरांनी. तीच माहिती इथे विकत मिळत नाही आणि घरी आई-वडिलांनाही नसते.

आता दुसरं न पटणं. कौतुकाची पद्धत.

बहुतेक प्रोग्रॅमची वार्षिक माहिती वाचली तर ती आपल्या क्लासवाल्यांच्या जाहिरातींसारखी वाटते. फोटो, नाव, कुठे प्रवेश मिळाला, किती डॉलरची स्कॉलरशिप. दहावीच्या निकालानंतर वर्तमानपत्राचं पहिलं पान जसं दिसतं तसं. यात अंश भरपूर असतो, छेद कुठेच नसतो. किती जणांनी सुरुवात केली? त्यातले किती मध्येच सुटले? संध्याकाळच्या क्लासचे किती होते? ज्यांचा हायस्कूलचा निकाल वाईट होता त्यातला एक तरी होता का?

हे विचारायला हवं, कारण हे उपक्रम फुकट नसतात. पैसे लागत नसतील पण वेळ लागतो, आणि कम्युनिटी कॉलेजात वेळ हेच सगळ्यात महाग चलन आहे. दुपारी दोन वाजता ऑनर्सची चर्चा ठेवली की दुकानात शिफ्ट करणारी मुलगी बाद. परिषद शनिवारी तीनशे मैलांवर ठेवली की ज्याच्या घरी लहान मूल आहे तो बाद. हायस्कूलचा जीपीए मागितला की सतराव्या वर्षी चुकलेला आणि सत्ताविसाव्या वर्षी शहाणा झालेला माणूस बाद. उरतो कोण? जो पूर्ण वेळ शिकतो, ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याच्या घरी शिकलेले आई-वडील आहेत आणि जो इथे दोन वर्षांची फी वाचवायला आलाय. त्याच्याबद्दल माझा काही आकस नाही, वाचवावेत की पैसे. पण तो कुठेही गेला असता तरी पोचलाच असता. त्याचा फोटो छापून प्रोग्रॅमने काय केलं हे कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग ऑनर्स हवंच कशाला? सगळ्यांना दार उघडं असलेल्या कॉलेजात आत आणखी एक दार, ते मात्र निवडकांसाठी, हा विरोधाभासच नाही का? तोच पैसा कच्च्या विद्यार्थ्यांवर खर्च करावा.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर न्यूयॉर्कमध्ये सापडतं. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजात 'एसॅप' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. हा ऑनर्स नाही. पुढे त्याची जी मोठी चाचणी झाली, तिच्यातले विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरांतले, आणि एक-दोन विषयांत मागे असलेले. त्यांना काय दिलं? पूर्ण वेळ शिकायची अट, फीमधली तूट भरून काढली, पुस्तकं, सबवेचं मेट्रोकार्ड, ठरावीक वर्गांत एकत्र बसवणं आणि एक सल्लागार. हा सल्लागार ६० ते ८० विद्यार्थी बघायचा. नेहमीच्या व्यवस्थेत एका सल्लागारामागे ६०० ते १५०० विद्यार्थी! एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट केले आणि तीन वर्षांनी मोजलं. नेहमीच्या गटातले २२ टक्के पदवीधर झाले, एसॅपमधले ४० टक्के. जवळजवळ दुप्पट. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे कमी झाला. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत हेच करून पाहिलं, तिथेही पदवीधरांचं प्रमाण जवळपास दुपटीच्या घरात गेलं.

आता एसॅपची यादी आणि चांगल्या ऑनर्स प्रोग्रॅमची यादी शेजारी ठेवा. छोटा गट, एकत्र वर्ग, ओळखणारा सल्लागार, नोंदणीत आधी नंबर. बरीचशी एकच आहे की! म्हणजे ऑनर्सच्या मुलांचं जे भलं होतं, त्यातला मोठा वाटा त्यांच्या बुद्धीचा नसून त्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा असणार, असा मी अंदाज काढतो. आणि ती वागणूक 'हुशार' नसलेल्यांना दिली तरी लागू पडते, हे न्यूयॉर्कने मोजून दाखवलं.

म्हणून ऑनर्स बंद करा असं मी म्हणणार नाही. बंद केलं तर ती शेगडीही विझेल आणि पुन्हा सगळा गारठा. मी म्हणेन की दार रुंद करा. माझ्या चार साध्या मागण्या आहेत.

एक. प्रवेश हायस्कूलच्या मार्कांवर ठेवूच नका. पहिली सेमिस्टर झाली की पुन्हा बोलवा. एका शिक्षकाने "हिला घ्या" म्हटलं की पुरे.

दोन. पार्ट टाइमवाल्याला एकच कॉन्ट्रॅक्ट करू द्या. पूर्ण प्रोग्रॅम नाही जमला तरी त्या एका विषयात खोल उतरल्याची नोंद त्याच्या ट्रान्सक्रिप्टवर राहू दे.

तीन. वेळेचे पैसे द्या. विद्यार्थ्याला संशोधनासाठी छोटा स्टायपेंड, म्हणजे आठवड्याची एक शिफ्ट सोडता येईल. आणि कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्या त्या फ्रीवे फ्लायरलाही द्या. बऱ्याच ठिकाणी तो हे काम प्रेमापोटी, फुकट करत असतो. प्रेमावर चालणारी गोष्ट पहिल्या बजेट कपातीत मरते.

चार. छेद छापा. किती आले, किती टिकले, किती गेले आणि कुठे. एका मुलाचा स्टॅनफर्डला नंबर लागला यापेक्षा, रात्रपाळी करणारे वीसजण आले आणि पंधरा टिकले, ही मला मोठी अचीव्हमेंट वाटते.

हे सगळं अमेरिकेत. आपण कशाला डोकं शिणवायचं? दोन कारणं.

पहिलं, आपल्याकडेही हा रस्ता आहे, फक्त त्याचं नाव वेगळं. दहावीनंतर पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनियरिंगला थेट दुसऱ्या वर्षात. 'डी टू डी'वाले. आपल्यातल्या कित्येकांच्या वर्गात असे आठ-दहा जण होते. ते आले तेव्हा ग्रुप पडून गेलेले, होस्टेलच्या रूम वाटून झालेल्या, आणि पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्री छातीवर. वर्कशॉपमध्ये आणि सर्किट जोडताना तेच आपल्याला शिकवायचे, पण वर्गात त्यांची ओळख 'डिप्लोमावाला' एवढीच. अमेरिकेत या पहिल्या धक्क्याला 'ट्रान्सफर शॉक' असं नावच आहे आणि त्यावर अभ्यास झालाय. आपल्या पॉलिटेक्निकमध्ये शेवटच्या वर्षाला असं काही का असू नये? एक शिक्षक, एक प्रश्न, एक पेपर, आणि जवळच्या इंजिनियरिंग कॉलेजात उभं राहून तो मांडायचा. शिवाय २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स डिग्री आणलीच आहे. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के हवेत. म्हणजे शेगडीजवळ बसायला मिळणार ते आधीच ऊब असणाऱ्यांना. तीच चूक आपण सुरुवातीलाच करतोय.

दुसरं कारण अगदी घरचं. तुमच्यापैकी बरेच जण आता दुसऱ्यांचे रेझ्युमे वाचण्याच्या जागी आहात. ज्यावर कम्युनिटी कॉलेजचं नाव आहे तो कागद खाली सरकवायला अर्धा सेकंद लागतो. त्याऐवजी तिथे ऑनर्स लिहिलेलं दिसलं तर एकच प्रश्न विचारा. तुझा प्रश्न काय होता, आणि तो तू कसा सोडवलास? नुसती पाटी लावलेली असेल तर दोन मिनिटांत कळेल. आणि खरंच काम केलेलं असेल तर तेही कळेल. आठ आठवडे बसस्टॉपवर उभं राहून स्वतः डेटा गोळा केलेली मुलगी, तयार डेटासेट उतरवून घेऊन मॉडेल चालवणाऱ्यापेक्षा डेटाची घाण जास्त ओळखते, यावर मी पैज लावायला तयार आहे :-)

आणि पुढच्या गणपतीला कुणी म्हणालं की "ती काही नाही, कम्युनिटी कॉलेजात दोन क्लास घेतेय", तर "अच्छा, छान" म्हणून पुढच्या पंगतीकडे वळू नका. कुठले दोन, तिथे ऑनर्स कॉन्ट्रॅक्टची सोय आहे का, आणि तिला नावाने ओळखणारा एखादा प्रोफेसर आहे का, एवढं विचारा. कदाचित हे तिला याआधी कुणी विचारलंच नसेल.